कुठवर नेलं?

कुणाकडे जाऊन आलं की आमची आजी पहिल्यांदा विचारायची, "कुठवर नेलं तुला?" खायला काय दिलं ते नंतर. ओटीवरूनच परत पाठवलं, सोप्यात बसवलं, माजघरात पाट मांडला, की चुलीपाशी बोलावून तव्यावरची पोळी हातावर ठेवली, यावर त्या घराचा नि आमचा लागाबांधा तिच्या मनात ठरून जाई. आम्हा मुलांना या प्रश्नाचं नवल वाटे. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दारातून आत आलेला माणूस चार पावलांत स्टोपाशीच पोचायचा. त्याला नेणार तरी कुठवर?

आजीचं माहेर वाईचं. तिथल्या एका सरदारांच्या वाड्यात तिचे वडील कारकून होते. दफ्तर सांभाळायचं, कुळांचे हिशेब लिहायचे, सणासुदीला कोठीतून काय काय निघालं त्याची याद ठेवायची, हे त्यांचं काम. पगाराबरोबर वाड्याच्या बाहेरच्या चौकात राहायला दोन खण जागा मिळाली होती. त्या सरदारांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या घरची माणसं अजून आहेत, आणि ही गोष्ट त्यांच्यापेक्षा आजीची जास्त आहे.

दोन खण म्हणजे किती, हे नव्या वाचकाला सांगायला हवं. दोन खांबांमधलं अंतर तो एक खण. वाडा खणांत मोजायचा आणि घराणं चौकांत. एका चौकाचा वाडा सुखवस्तू माणसाचाही असे. दोन, तीन चौक झाले की समजावं, दारी घोडी आहेत, पदरी माणसं आहेत. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याला सहा चौक. आजी ते सहा बोटांवर मोजून दाखवायची, जणू तिच्याच चुलत्याचं घर.

तिच्या वाड्याला तीन चौक होते. पहिला सगळ्या जगाचा. दरवाज्यातून आत आलं की दोन्ही अंगांना देवड्या, तिथं शिपाई. मग चौक, त्यात पागेतली घोडी धुवायची जागा, एका बाजूला कचेरी, कारकुनांची बिऱ्हाडं. त्यापुढे चार पायऱ्या चढून सदर. दुसरा चौक सदरेच्या मागचा. तिथं तुळशीवृंदावन, चौपाळा, वर दिवाणखाना, हंड्या-झुंबरं, तक्तपोशीवर वेलबुट्टी. तिसरा चौक बायकांचा आणि चुलीचा: माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, धान्याची बळदं, मागे विहीर आणि परडं. आजी जन्मली पहिल्या चौकात. दुसऱ्यात तिला सणाला जायला मिळे. तिसऱ्यात लग्न होईपर्यंत तिनं पाऊल टाकलं नाही, असं ती सांगायची. हे तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला तो उंबरा दिसतो, मधोमध झिजलेला.

मोठा दरवाजा रोज उघडत नसत. रोजची ये-जा दिंडीतून. दोन्ही दारं सताड उघडायची ती लग्नाच्या वरातीला, पालखीला, आणि घरातलं कुणी गेलं तर तिरडीला. दरवाज्याची उंची अंबारीसकट हत्ती आत यावा इतकी. त्या वाड्यात कधी हत्ती होता का? आजी म्हणे होता. तिचा भाऊ, आमचे अण्णामामा, म्हणत, "हत्ती पेशव्यांचा. आपल्याकडे एकदाच येऊन उभा राहिला होता." खरं काय ते दोघं आपल्याबरोबर घेऊन गेले. पण दरवाजा हत्तीच्या मापाचा ठेवायचा, हे मात्र खरं. हत्ती नसला तरी तो येऊ शकतो, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसलं पाहिजे. पालखीचं तसंच. पालखीत बसायचा मान दरबारातून मिळायचा, तिच्या खर्चाची नेमणूक मिळायची. नगारा, निशाण, अबदागीर, सगळं कुणीतरी दिलेलं. एवढा मोठा सरदार, पण त्याच्या थोरवीची प्रत्येक खूण वरून आलेली असे आणि वरून परतही घेतली जाऊ शके. म्हणूनच दगड-चुन्यात पैसा घालायची त्या लोकांना ओढ असावी. पालखी काढून घेता येते. वाडा उचलून कोण नेणार?

चुन्याबद्दल आजीचा फार अभिमान. भिजवलेला चुना घाणीच्या दगडी चाकाखाली बैलांनी मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, तागाचे तुकडे. "आत्ताच्या तुमच्या सिमेंटला काय वास आहे?" असं ती विचारी. वरच्या मजल्यांच्या भिंती पातळ विटांच्या, नाहीतर पांढरीच्या मातीच्या, हातभर जाडीच्या. उन्हाळ्यात दुपारी माजघरात पाय टाकला की गार. खांब सागाचे, खाली दगडी तळखडे. कडीपाटातून रात्री उंदरांची पळापळ ऐकू यायची, तेही ती मोठ्या प्रेमानं सांगायची.

पुण्यात आल्यावर तिनं आम्हाला शनिवारवाडा दाखवायला नेलं, आणि तिथं जे सांगितलं ते पुढे शाळेतल्या पुस्तकाशी थोडंफार जुळलं. 10 जानेवारी 1730 ला पहिल्या बाजीरावांनी पाया घातला. वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची. दोन्ही दिवस शनिवार. खर्च 16,110 रुपये. कुत्र्याच्या मागे ससा लागलेला पाहून जागा निवडली, ही गोष्टही तिनं सांगितली, पण तिला तिच्यात फारसा रस नव्हता. तिची आवडती गोष्ट निराळीच. उत्तरेकडच्या दिल्ली दरवाज्याचं काम चाललेलं साताऱ्याला कळलं तेव्हा शाहू महाराज म्हणाले, दिल्लीकडे तोंड करून कोट बांधणं बरं नव्हे. आणखी एक सांगत की सबंध दगडी वाडा बांधावा तो राजानं, पेशव्यानं नव्हे, म्हणून खाली दगड आणि वर वीट. या गोष्टी कितपत घडल्या ते इतिहासकारांनी पाहावं. पण त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, यातच त्या काळची समज आहे. घर किती उंच, कशाचं, कुठे तोंड करून, हे बांधणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. धन्याच्या घरापेक्षा आपलं घर मोठं दिसू नये, आणि शेजारच्या सरदारापेक्षा लहानही दिसू नये. त्या दोन्हींच्या मध्ये सगळे वाडे उभे राहिले.

पेशव्यांशी सोयरीक किंवा चाकरी असलेल्या प्रत्येकाला मग पुण्यात वाडा हवाच झाला. वाईच्या रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली. तिची तिन्ही मुलं, विश्वासराव, माधवराव, नारायणराव, इतिहासात गेली. रास्त्यांनी वाईला कृष्णेच्या काठी 1762 मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं आणि पुण्यात त्यांच्या वाड्याभोवती अख्खी पेठ वसली, ती रास्ता पेठ. आजी रास्त्यांचं नाव घेताना हात जोडायची. तिचे सरदार आणि रास्ते यांचं काही नातं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मेणवलीची घंटा मात्र तिनं आम्हाला स्वतः दाखवली. घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली, वसईच्या मोहिमेतून 1739 मध्ये आलेली फिरंगी घंटा. तिच्यावर 1707 साल आहे आणि मेरीमाता बाळाला घेऊन आहे. आजी लहानपणापासून तिला यशोदा समजायची. आम्ही शाळेत शिकलेल्या मुलींनी ती यशोदा नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मांडीवर पोर आहे ना? मग झालं." मेणवलीचं गाव नानांना 1768 मध्ये मिळालं. बाहेरून पाहावं तर वाड्याची भिंत सरळ, कोरी. आत मात्र चित्रं, कोरीव लाकूड, कृष्णेकडे उतरणारा घाट. राज्याचे सगळे हिशेब ज्याच्या हाती, त्याच्या घरानं रस्त्याकडे पाठ करून बसावं, हे मला नानांच्या स्वभावाला शोभणारं वाटतं.

याच्या उलट पुण्याचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला 1807 च्या सुमाराला, म्हणजे वसईचा तह होऊन इंग्रजांची फौज पदरी पडल्यावर. खर्च दोन लाखांच्या घरात सांगतात. रस्त्यावर झुकलेला नक्षीदार सज्जा, सुरूच्या घाटाचे खांब. अतिशय देखणा. मी त्याच्यासमोरून कॉलेजला जायची, आणि दर वेळी वर पाहायची. शनिवारवाड्याच्या बुरुजांकडे पाहून माणूस दबकतो, विश्रामबाग मात्र माणसाला थांबवून स्वतःकडे पाहायला लावतो. सत्ता हातातून निसटली तसं घर रस्त्याकडे वळलं, असं माझं मत आहे. हा वाडा बांधून झाला त्याला पुरी दहा-बारा वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात पेशवाई संपली. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथं संस्कृत पाठशाळा घातली. शनिवारवाडा 1828 च्या आगीत आठवडाभर जळत होता.

पण मला सांगायचं होतं ते चैत्रातल्या हळदीकुंकवाचं.

दुसऱ्या चौकात चैत्रगौर मांडायची. पायऱ्यापायऱ्यांची आरास, मधे गौर, भोवती कलिंगडाची कमळं, करंज्या, लाडू, भिजवलेले हरभरे. आंब्याची डाळ आणि पन्हं गावातल्या सगळ्या बायकांना. आजी सांगे, डाळ सगळ्यांना एकाच पातेल्यातली, त्यात बाईसाहेबांनी कधी फरक केला नाही. फरक बसण्यात. सोयऱ्याधायऱ्यांच्या बायका गालिच्यावर. शास्त्री-वैद्यांच्या जाजमावर. कारकुनांच्या पडवीत, सतरंजीवर. गालिच्यावर चांदीच्या वाटीतून, पडवीत द्रोणातून. कुणी कुणाला उठवत नसे, कुणी सांगतही नसे. सात वर्षांच्या पोरीलासुद्धा कळे की आपण कुठे टेकायचं. आजीच्या आईच्या हातची गव्हल्याची खीर दर लग्नात वाड्यातून मागून नेत, कारण तिच्यासारखे बारीक, एकसारखे गव्हले वाईत कुणी करत नव्हतं. गव्हले तिसऱ्या चौकात जात. करणारी पडवीत बसे.

आजी हे कधी तक्रार म्हणून सांगत नव्हती. मला ऐकताना राग यायचा, अजून येतो. आणि आमचे दोन खण तरी आत होते. रात्रभर दरवाज्याबाहेर जागणारा वेसकर महारवाड्यातला. वाड्याची सगळी निर्धास्त झोप त्याच्या जागरणावर. त्यानं पहिला चौकही आतून पाहिला नाही. दिवाळीचं त्याचं वाढण देवडीबाहेर वरून ओंजळीत टाकलं जाई. आणि सगळ्यांत आत, तिसऱ्या चौकाच्याही कोपऱ्यात, सरदारांची विधवा बहीण राहत होती, लाल आलवणात. दहाव्या वर्षी परत आलेली. ती कुठवर पोचली होती? सगळ्यांच्या आत. वाड्यात मान आतल्या बाजूला वाढत जातो असं मी समजत होते, ते तिच्यापाशी येऊन अडतं. आजीनं तिला एकदाच पाहिलं, विहिरीकडच्या खिडकीत. तिच्याबद्दल बोलताना आजीचा आवाज उतरायचा.

दफ्तराचं सांगते. कारकुनाच्या घरात मोडी कागद म्हणजे देवाखालोखाल. ते लाल कापडात बांधायचे, त्याला रुमाल म्हणत. आजीच्या आजीनं इनाम कमिशनच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि 1852 च्या कायद्यानं इनामदारांना सांगितलं गेलं, तुमचं इनाम खरं असेल तर सनद दाखवा. शंभर वर्षं ज्यांनी 'आम्ही अमुक' एवढंच सांगितलं होतं, त्यांना कागद शोधावा लागला. कुणाचा वाळवीनं खाल्लेला, कुणाचा भाऊबंदांनी दडवलेला, कुणाला मुळात मिळालेलाच नव्हता. त्या वेळी आमच्या खापरपणजोबांनी वाड्याची सनद धान्याच्या बळदात तळाशी ठेवलेली होती, ती शोधून काढली आणि इनाम वाचवलं, असं आमच्याकडे सांगतात. वाड्याकडच्या लोकांत ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे तिला साक्षीदार आम्हीच. पण वाईच्या घराघरांत कागद होते हे नक्की. 1898 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळची पत्रं वाईतच मिळालेली.

पुढचं लवकर सांगते, कारण आजीही ते भरभर सांगायची. 1948 मध्ये गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगावी ब्राह्मणांची घरं पेटली. सरदारांचा इनामी गावातला लहान वाडा त्यात गेला. जुनी कुळंच पाण्याच्या घागरी घेऊन धावली, असंही ऐकलं. मग इनामं रद्द झाली, कूळकायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्याय्यच होतं. कारकून मात्र पगाराशिवाय राहिले. पुण्यातल्या वाड्यांत भाडेकरू आले आणि भाडं गोठलं. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या किती मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. काही वाड्यांना दुसरा जन्मही मिळाला. बडोद्याच्या गायकवाडांचा पुण्यातला वाडा लोकमान्यांनी 1905 मध्ये घेतला, तो केसरीवाडा झाला.

पानशेतनंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट. आजी वाईला निघाली, बरोबर मी. वाड्याची दिंडी उघडीच होती. पहिल्या चौकात बिऱ्हाडं, दोऱ्यांवर धुणी. सदरेवर कुण्या व्यापाऱ्याची हळदीची पोती रचलेली, हवेत सगळीकडे पिवळा वास. दुसऱ्या चौकातला चौपाळा कड्यांसकट गेला होता. आजी पडवीपाशी आली आणि थांबली. तिनं मला हाताला धरून सतरंजी असायची त्या जागी उभं केलं.

आतून बाईसाहेब आल्या. आजीपेक्षा थोड्या मोठ्या, सुती पातळ, हाताला पीठ. "कोण? कारकुनांची धाकटी ना तू? अगं, तिथं काय उभी राहिलीस, आत ये."

"असू द्या बाईसाहेब, इथं बरं आहे."

"इथं बसायला काय उरलंय? ये म्हणते ना."

तिसऱ्या चौकात मागच्या अंगाचा एक मजला पडला होता. माजघर शाबूत. बाईसाहेब स्वतः स्वयंपाक करत होत्या. त्यांनी आम्हाला थालीपीठ नि लोणी दिलं, आजीच्या आईच्या गव्हल्यांची आठवण काढली. मग फडताळातून एक लाल रुमाल काढला. मुलं पुण्याला, मोडी कुणालाच येत नाही, त्या म्हणाल्या, वकील सनद मागतो आहे, तुझ्या वडिलांनी तुला शिकवलं होतं ना, बघ बाई यात आहे का.

आजीनं चष्मा लावला. सनद त्यात नव्हती. होती एका मुंजीची याद, तिच्या आजोबांच्या हातची. कोणत्या चौकात किती पानं, कुणाला पाट, कुणाला नुसती पंगत. आजी अक्षर लावून मोठ्यानं वाचत गेली. दिवाणखान्यात अमुक, सदरेवर अमुक, आणि शेवटी बाहेरचा चौक, कारकून मंडळी. त्यात तिच्या घरची पानं. बाईसाहेबांनी ऐकलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "पुढे वाच. तूप किती लागलं होतं?"

तूप, गूळ, हरभऱ्याची डाळ, केशर, पालखीच्या भोयांचा रोज, देवडीवरच्या शिपायांना मुंडाशी, वेसकराला घोंगडी, सगळं वाचता वाचता शेवटची एस.टी. गेली. दुसऱ्या दिवशी निघताना बाईसाहेबांनी तीन रुमाल आजीच्या हवाली केले. आजीनं पुढचे कितीतरी पावसाळे खिडकीशी बसून त्यांच्या बाळबोधीत नकला केल्या. वाडा नंतर पाडला गेला. मूळ कागद बाईसाहेबांच्या नातवाला परत दिले, नकला माझ्याकडे राहिल्या. आजीच्या हातून एक रुमाल तसाच राहून गेला होता. त्याच्या झेरॉक्स नातवानं पाठवल्या आहेत, आणि निवृत्तीनंतर मोडी शिकून मी तो लावायला घेतला आहे. सध्या वाड्याच्या पूर्वेकडच्या भिंतीच्या दुरुस्तीवर आले आहे. चुना, बेलफळं आणि गूळ, गाडीच्या हिशेबानं.